तालीम, पेठ आणि फुटबॉल : कोल्हापूर व पोलंड

वर्ध्यापासून अमरावतीपर्यंतच्या पट्ट्यात व्यायामशाळा म्हटली की मल्लखांब, लाठी आणि हुतूतू हेच डोळ्यांपुढे उभे राहतात. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघाले आणि १९३६ मध्ये त्याच्या पथकाने बर्लिन येथे देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. विदर्भातील आखाड्यांचा ओढा असा देशी खेळांकडे राहिला. कोल्हापुरात मात्र तालमीनेच विलायती फुटबॉल आपला केला, आणि तोही आपले 'तालीम' हे नाव न सोडता.

ही गोष्ट कशी घडली हे समजण्यासाठी तालीम म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे. शाहू महाराजांच्या आश्रयाने तेथे कुस्ती बहरली. १९०२ च्या युरोपच्या प्रवासात महाराजांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले, आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान सिद्ध झाले. परंतु तालीम म्हणजे केवळ लाल मातीचा हौदा नव्हे. ती पेठेची बैठक होय. गणपती तेथेच बसतो. काही तालमींत मोहरमचे पंजेही बसतात. भांडणे तेथे मिटतात व क्वचित तेथूनच सुरू होतात. संस्थानी काळात फुटबॉल शहरात आला तेव्हा संघ उभारण्यास वेगळ्या क्लबाची गरज पडली नाही. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, ही नावेच या घडणीची साक्ष देतात.

या संघांचा समर्थक वर्गणी भरून क्लबाचा सभासद होत नाही. तो पेठेत जन्मतो, एवढेच पुरेसे असते. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की हजारोंची गर्दी लोटते, आणि कोणत्या संघाचे लोक कोठे बसावयाचे हे जणू ठरलेलेच असते. विश्वचषकाच्या दिवसांत हेच तरुण ब्राझील व अर्जेंटिना असे पक्ष घेऊन गल्लीगल्लीत त्या देशांचे झेंडे व खेळाडूंची भव्य चित्रे उभारतात.

या प्रकाराला युरोपात एक जवळचा दाखला आहे, आणि त्या देशाशी कोल्हापूरचा प्रत्यक्ष संबंधही आला होता. १९४३ ते १९४८ या काळात शहराजवळ वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक. पूर्व पोलंडातून सोव्हिएत सत्तेने हद्दपार केलेली ही माणसे होती. त्याच पूर्व भागात, तेव्हा ऑस्ट्रियाच्या अमलाखाली असलेल्या ल्वूव शहरी, १८६७ मध्ये 'सोकूल' म्हणजे ससाणा या नावाची व्यायामसंस्था स्थापन झाली होती. परसत्तेखालील समाजाने व्यायामाच्या मिषाने आपले राष्ट्रीयत्व जपावे, हे आपल्याकडील वाचकांस सांगावयास नको. पोलंडचा पहिला नोंदलेला फुटबॉल सामना १४ जुलै १८९४ रोजी याच संस्थेच्या ल्वूव व क्राकूव शाखांत झाला. पहिला गोल होताच, अवघ्या सहा मिनिटांत, तो थांबविण्यात आला. कारण त्यानंतर कसरतींचा कार्यक्रम व्हावयाचा होता! पुढे क्राकूवमध्ये १९०६ साली क्राकोव्हिया व विस्वा हे दोन क्लब निघाले. त्यांच्या वैरास तेथील लोक 'पवित्र युद्ध' म्हणतात.

साम्य येथवरच. ल्वूवचा पोगोन हा क्लब १९२२ ते १९२६ या काळात चार वेळा पोलंडचा विजेता ठरला. १९३९ मध्ये सोव्हिएत सैन्य शहरात आले आणि तो संपला. महायुद्धानंतर शहर पोलंडकडे राहिले नाही. आज ते युक्रेनमध्ये आहे. तेथून निघालेली माणसे पश्चिमेकडील बितोम येथे गेली व १९४५ मध्ये तेथील पोलोनिया संघाचे पुनरुज्जीवन त्यांच्या हातून झाले. म्हणजे तेथे गाव गेले, पण माणसांनी संघ बरोबर नेला.

कोल्हापुरात याच्या उलट स्थिती आहे. पेठ जागच्या जागी आहे. मैदानावरील माणूस मात्र बदलतो आहे. अलीकडच्या वर्षांत काही संघांनी बाहेरगावचेच नव्हे, तर आफ्रिकेतील खेळाडूही आणले. उलट अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघातून खेळला. समर्थकांची ईर्ष्या यामुळे उणावलेली नाही. दगडफेकीने सामने थांबले आहेत व बंदोबस्तात खेळवावे लागले आहेत. या हाणामारीस केवळ दांडगाई ठरविणे उथळपणाचे होईल, आणि तिला पेठेचा अभिमान म्हणून पाठीशी घालणे त्याहून वाईट. हौद्यात हरलेला मल्ल जेत्याच्या हाताला हात लावूनच बाहेर पडतो. तालमीची ही रीत तिच्या फुटबॉल संघाबरोबर मैदानापर्यंत आली. प्रेक्षकांच्या सज्जापर्यंत ती अद्याप पोचलेली नाही.