हणजूणची रात्र ब्राझीलला पोचली

मंडईच्या रात्री झाडीपट्टीचं नाटक बघत आपण उजाडेपर्यंत बसतो, म्हणून आजची गोष्ट आपल्या एकोडीत कुणाला परकी वाटणार नाही.

गोवा आणि ब्राझील, दोन्हीकडे पोर्तुगिजांचं राज्य होतं. आपण शिऱ्यात घालतो तो काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगिजांनीच तो गोव्यात आणला. कित्येक शतकांनी गोव्यातून तिकडं गेलं ते संगीत.

1961 मध्ये गोवा मुक्त झाला. काही वर्षांतच अमेरिका-युरोपातली हिप्पी पोरं-पोरी हणजूणच्या किनाऱ्यावर येऊ लागली. गावात खोल्या भाड्यानं घ्यायची, चांदण्यात गिटार वाजवायची. पैसे संपले की स्वतःचे कपडे, कॅमेरे विकायला मांडायची. त्यातूनच हणजूणचा बुधवारचा बाजार उभा राहिला. पुढं कर्नाटकातल्या लमाण बायाही आरशांचं भरतकाम घेऊन तिथं बसू लागल्या.

त्याच काळात ब्राझीलमध्ये लष्कराचं राज्य होतं. बाहिया प्रांतातल्या जिल्बेर्तो जिल आणि कायतानो वेलोझो या गायकांनी तिथल्या गाण्यांत विजेवरची गिटार आणली. डोळ्यांपुढं रंग फिरावेत अशा या संगीताला सायकेडेलिक म्हणतात. 1968 च्या डिसेंबरात दोघांना अटक झाली, मग देशाबाहेर काढलं. गाण्याची एवढी भीती! तोच जिल 2003 मध्ये ब्राझीलचा सांस्कृतिक मंत्री झाला.

इकडं हणजूणला गिटारीच्या जागी यंत्रावरचा ठेका आला. रात्रभर एकसारखा, सूर्य उगवेपर्यंत. 1990 नंतर 'गोवा ट्रान्स' या नावानं तो जगभर गेला आणि ब्राझीलमध्ये रुजला. जिल-वेलोझोच्या बाहियातच समुद्रकाठी त्याची मोठी जत्रा भरते. लोक नवीन वर्ष तिथंच नाचत काढतात.

या रात्रींत नशा होती, हे मी झाकणार नाही. चरस-गांजावर 1985 चा कडक कायदा आहे, तरी नशेनं पोरं गेलीच. दारूपायी घर कसं बसतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

मला मात्र दुसरंच खटकतं. या संगीताच्या इतिहासात वाजवणाऱ्यांची नावं सापडतात. ज्या हणजूणकर बायांनी खोल्या झाडून दिल्या, परक्या पोरांना भात वाढला, त्यांची नाहीत. आपल्याकडं नाटक कंपनी उतरते तेव्हा पन्नास माणसांचा स्वयंपाक कोण करतं? तुमच्या गटातल्या अशा बायांची नावं लिहून पाठवा. पुढच्या वेळी तीच आधी वाचीन.