दगड कुणाच्या नावाचा?

साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली आहे. तेथे साताऱ्याच्या राजघराण्यातील व्यक्तींच्या समाध्या आहेत. त्यांतच एक दगडी समाधी थोरल्या शाहू महाराजांच्या कुत्र्याची, खंड्याची, म्हणून दाखवतात. वाघापासून धन्याचा जीव वाचवला म्हणून महाराजांनी आपल्या कुत्र्याला जहागिरीची सनद आणि पालखी दिली, असे ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासात नोंदवले आहे. इमानी जनावराची आठवण ठेवण्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की, त्याच मुलखात गावाची वेस राखणाऱ्या, सरकारी वसूल पोहोचवणाऱ्या आणि शिवेच्या तंट्यात साक्ष देणाऱ्या महाराची समाधी कोठे आहे?

स्थानिक इतिहासाचे अभ्यासक दगड वाचतात, ते योग्यच आहे. आपल्या भागात देवळापुढे, वेशीजवळ वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढताना पडलेला वीर, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. काही शिळांवर गाई कोरलेल्या असतात. म्हणजे तो गुरे सोडवताना पडला. पण बहुतेक वीरगळांवर नाव नसते. अशा निनावी वीराला गावातले एखादे वजनदार घराणे आपला पूर्वज म्हणू लागले, तर त्याच्याकडे पुरावा कोण मागतो? वेस राखणाऱ्यांचा तो कोणी असेल, ही शंकाही आपल्या संशोधकांना शिवत नाही. तो आमचाच होता असा माझा दावा नाही. प्रश्न विचारलाच गेला नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

नाव कोरले गेले की काय घडते, हे कोरेगाव भीमाने दाखवले. १ जानेवारी १८१८ च्या लढाईच्या स्तंभावर मृत सैनिकांची नावे आहेत आणि त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. तो स्तंभ इंग्रजांनी स्वतःच्या विजयासाठी उभारला, आमच्या गौरवासाठी नव्हे. तरीही १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले आणि त्या नावांना वारस मिळाले. परक्याने कोरलेली अक्षरेसुद्धा एका समाजाला ताठ उभे करू शकतात. मग स्वकीयांनी न कोरलेल्या अक्षरांनी आमचे किती नुकसान केले असेल!

यातला विरोध पाहा. गावातील मरणाची वार्ता परगावी महाराच्या पायांनी जाई. सरणाची लाकडे तो आणी. मढ्यावरचे कापड हा त्याचा ‘हक्क’ होता. आटपाडीच्या शंकरराव खरातांच्या ‘तराळ-अंतराळ’ने (१९८१) तराळाच्या घरातले हे जिणे मराठीत आणले. सर्वांचे मरण ज्याने वाहिले, त्याच्या स्वतःच्या मरणाची नोंद मात्र नाही. माझ्या आजोबांनी उभी हयात असे सांगावे पोहोचवले. त्यांना पुरले ती जागा माझे वडील ओढ्याकाठच्या एका बाभळीवरून ओळखत. बाभूळ तुटली, तशी जागाही गेली.

साताऱ्यात भीमाबाईंची समाधी आहे. १८९६ साली त्या वारल्या. चार वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, त्यांच्या मुलाचे नाव तेथील सरकारी शाळेत दाखल झाले. तो मुलगा बाबासाहेब झाला, म्हणून ती समाधी आपल्याला ठाऊक आहे. तिच्याच काळात मातीत गेलेल्या आमच्या इतर आयांचे काय? एक मुलगा महामानव झाल्याशिवाय आईची माती ओळखू येऊ नये, ही कसली व्यवस्था?

दगड नाहीत म्हणून इतिहास नाही, असे मानणे हा पराभव आहे. आपले पुरावे निराळ्या ठिकाणी आहेत. महार वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, पण ‘हाडकी’, ‘हाडवळा’ ही जमिनींची नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत. गावनकाशे, इनामाची जुनी कागदपत्रे, शाळेचे दाखले आणि सर्वांत आधी म्हाताऱ्यांच्या आठवणी तपासल्या पाहिजेत. विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर एवढे करावे: आपली दफनभूमी कोठे होती, तिचा गट नंबर कोणता, आज ती कोणाच्या ताब्यात आहे, तेथे कोणाकोणाला पुरले, हे वहीत उतरवावे. हा केवळ इतिहासाचा छंद नव्हे. ज्या जागेची नोंद नाही, तिच्यावर उद्या नांगर फिरतो, आणि मेलेल्या माणसालाही जागेसाठी भांडावे लागते.

माहुलीचा दगड राहू द्यावा. वहीच्या पहिल्या पानावर मात्र आपण आपल्या माणसांची नावे लिहू.