काचेवरच्या आकाशाची नक्कल

निगेटिव्ह ही वस्तू आजच्या विद्यार्थ्याने बहुधा हातात धरलेली नसते. शिक्षकांपैकी अनेकांना मात्र ती उजेडासमोर धरून पाहिल्याचे आठवत असेल. घरोघरी आणि संस्थांमध्ये साठलेल्या अशा निगेटिव्ह व स्लाइड यांचे संगणकाच्या आकड्यांत रूपांतर करणे, म्हणजे त्यांचे अंकीकरण करणे, हा आता एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. त्याबरोबरच एक समजही पसरला आहे, की एकदा स्कॅन झाले की मूळ वस्तू टाकून द्यायला हरकत नाही. हा समज तपासून पाहायचा तर खगोलशास्त्रज्ञांच्या निगेटिव्हकडे वळावे लागते. तेथे नक्कल नुसती पाहायची नसते, तिच्यावर मोजमाप करायचे असते.

खगोलशास्त्रज्ञ बराच काळ फिल्मऐवजी काचेची प्लेट वापरत. प्लेटच्या एका बाजूला जिलेटिनमध्ये मिसळलेल्या चांदीच्या क्षारांचा पातळ थर असे. फिल्म दमट हवेत किंचित फुगते आणि कोरड्या हवेत आखडते. काच आपला आकार धरून ठेवते. दोन ताऱ्यांमधले अंतर मायक्रॉनमध्ये मोजायचे असेल तर हा फरक महत्त्वाचा ठरतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

अशा प्लेटचा जगातील सर्वांत मोठा संग्रह अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत आहे. एडवर्ड पिकरिंग हे संचालक असताना १८८५ च्या सुमारास तेथे आकाशाची पद्धतशीर छायाचित्रे घेण्यास सुरुवात झाली. दक्षिण आकाशासाठी पेरू देशातील अरेकिपा येथे केंद्र उघडण्यात आले. या प्लेट तपासण्याचे काम वेधशाळेने नेमलेल्या स्त्रिया करीत. विल्यमिना फ्लेमिंग, ॲनी कॅनन आणि हेन्रिएटा लेव्हिट ही त्यांतली प्रमुख नावे. भिंगातून पाहत पाहत त्या काचेच्या कोऱ्या बाजूवर शाईने खुणा करीत, ताऱ्यांना क्रमांक देत. लेव्हिट यांनी लहान मॅगेलनी मेघातील २५ बदलत्या ताऱ्यांच्या अभ्यासातून १९१२ मध्ये एक नियम मांडला. ज्या ताऱ्याचे तेज जास्त, त्याचा तेज कमी-अधिक होण्याचा काळही जास्त. दीर्घिकांची अंतरे मोजण्याची वाट या नियमाने खुली झाली.

पुढे १९५० च्या दशकात खर्चाच्या काटकसरीसाठी संचालक डोनाल्ड मेन्झेल यांनी हे छायाचित्रण थांबवले. ते पुन्हा सुरू व्हायला बरीच वर्षे गेली. या मधल्या रिकाम्या काळाला खगोलशास्त्रज्ञ ‘मेन्झेलची पोकळी’ म्हणतात. आता कितीही पैसे खर्च केले तरी त्या वर्षांचे आकाश पुन्हा टिपता येणार नाही. प्रत्येक जुनी प्लेट अशी एकमेव असते.

आपल्या देशातही असा ठेवा आहे. तमिळनाडूतील कोडाईकनाल वेधशाळेत १९०४ पासून सूर्याची छायाचित्रे घेतली जात आहेत. पुढे कॅल्शियमच्या आणि हायड्रोजनच्या विशिष्ट रंगातही सूर्याची चित्रे घेण्याचा परिपाठ पडला. या वेधशाळेशी पुण्याचे नाते आहे. कावसजी नायगमवाला यांनी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी जेऊर येथून घेतले. ते निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद झाली आणि तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली. शंभराहून अधिक वर्षांच्या या चित्रांवरून सूर्यावरील डागांची ११ वर्षांच्या आसपासची चक्रे एकापुढे एक लावून पाहता येतात.

या प्लेट आकड्यांत कशा उतरवतात? चित्राचे आकडे करण्याची कल्पना १९५७ मध्ये रसेल किर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत प्रत्यक्षात आणली. त्यांनी किर्श यांच्या तान्ह्या मुलाचा फोटो एका फिरत्या नळकांड्यावर चढवला आणि प्रकाश मोजणाऱ्या नळीने तो बिंदू-बिंदूने वाचला. चित्रात १७६ ओळी आणि प्रत्येक ओळीत १७६ बिंदू होते. छापखान्यांत पुढे वापरात आलेले ड्रम स्कॅनर याच वाटेने चालले. पण नळकांड्यावर फिल्म गुंडाळता येते, काच नाही. काचेसाठी सपाट यंत्रच हवे. १९६९ मध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी ही प्रकाशसंवेदी चकती शोधली आणि पुढे असे यंत्र सोयीचे झाले.

हार्वर्डसाठी रॉबर्ट सिमको यांनी खास स्कॅनर तयार केला. प्लेट सरकत्या मेजावर ठेवायची, खालून क्षणभर प्रकाश द्यायचा आणि वरच्या कॅमेऱ्याने तुकड्या-तुकड्याने चित्र घ्यायचे, अशी ही रचना. चित्रातील एक बिंदू म्हणजे प्लेटवरचे ११ मायक्रॉन. ८ इंच बाय १० इंचाच्या एका प्लेटमधून किती बिंदू निघतील, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. उत्तर सुमारे ४३ कोटी येते.

परंतु बिंदूंची संख्या हा अर्धाच हिशेब झाला. प्रत्येक बिंदूचा काळेपणा किती पायऱ्यांत मोजायचा, हा दुसरा अर्धा. निगेटिव्हचा काळेपणा ‘घनता’ या मापाने सांगतात. घनता १ असेल तर प्रकाशाचा दहावा भाग पलीकडे जातो, २ असेल तर शंभरावा आणि ३ असेल तर हजारावा. आता ८ बिटांचा स्कॅनर घेऊ. त्याच्याकडे ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. स्वच्छ काचेला २५५ हा आकडा दिला, तर घनता २ च्या वाट्याला जेमतेम २ किंवा ३ येईल आणि घनता ३ ला शून्य. दाट भागातला सारा तपशील एका शून्यात बुडेल. १६ बिटांच्या यंत्रात ६५,५३६ पायऱ्या असतात. तेथे घनता २ ला सुमारे ६५५ आणि घनता ३ ला सुमारे ६५ हा आकडा मिळतो. कॅमेऱ्याची चकतीही तितकी अचूक हवी, हे अर्थातच गृहीत धरले आहे.

हे गणित कोडाईकनालमध्ये प्रत्यक्ष अनुभवाला आले. तेथील कॅल्शियमच्या चित्रांचे आधीचे अंकीकरण ८ बिटांचे होते. सूर्यावरील तेजस्वी भाग निगेटिव्हवर सर्वांत दाट उमटतात आणि तेच तर अभ्यासायचे होते. म्हणून त्याच चित्रांचे १६ बिटांत, ४०९६ बाय ४०९६ बिंदूंच्या कॅमेऱ्याने, नव्याने अंकीकरण करण्यात आले. पहिल्या वेळेनंतर मूळ प्लेट टाकून दिल्या असत्या, तर हे शक्य झाले नसते.

हार्वर्डमध्ये प्रश्न वेगळा होता. काचेवरच्या शाईच्या खुणा ताऱ्यांच्या मोजणीत अडथळा आणत. म्हणून प्लेट पुसून स्वच्छ कराव्यात असे ठरले. पुसण्यापूर्वी खुणांचा आणि प्लेटच्या पाकिटाचा फोटो घेतला जाई आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या निवडक प्लेट न पुसता बाजूला ठेवल्या जात. तरीही मनात प्रश्न येतोच. खगोलशास्त्रज्ञाला जो डाग वाटतो, तो विज्ञानाच्या इतिहासकाराला त्या स्त्रियांच्या विचारांचा माग वाटतो. कोणती माहिती उतरवायची हे नक्कल करणारा ठरवतो, आणि ते त्याच्या काळातल्या प्रश्नांवर अवलंबून असते.

जानेवारी २०१६ मध्ये पाण्याची नळवाहिनी फुटून हार्वर्डच्या सुमारे ६१ हजार प्लेट पाण्यात सापडल्या. बुरशी येऊ नये म्हणून त्या गोठवून ठेवाव्या लागल्या. नकलेची गरज किती आहे, हे या घटनेने दाखवून दिले. अखेर २०२४ मध्ये चार लाखांहून अधिक प्लेटचे काम पूर्ण झाले.

त्याच २०१६ साली या आकड्यांवरून एक वादही झाला. हंस तारकासंघातील केआयसी ८४६२८५२ हा तारा १८९० ते १९८९ या काळात हळूहळू मंद होत गेला, असे ब्रॅडली शेफर यांनी मांडले. मायकेल हिप्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर आक्षेप घेतला. मेन्झेलच्या पोकळीच्या अलीकडची व पलीकडची छायाचित्रे एकसारखी नाहीत, त्यामुळे हा फरक ताऱ्याचा नसून छायाचित्रणाचा असू शकेल, असे त्यांचे म्हणणे. अशा वेळी केवळ आकडे पुरत नाहीत. प्लेट कोणती, दुर्बीण कोणती, हे पाहायला मूळ वस्तूकडेच जावे लागते.

आपल्या शाळेच्या कपाटातही जुन्या सहलींच्या निगेटिव्ह किंवा अध्यापनाच्या स्लाइड असतील. त्यांचे अंकीकरण अवश्य करून घ्यावे. ते देताना १६ बिटांत आणि टिफ स्वरूपात मागावे. स्लाइडच्या चौकटीवर किंवा पाकिटावर लिहिलेली तारीख, गाव आणि नावे यांचाही फोटो घ्यावा. आणि काम झाल्यावर मूळ निगेटिव्ह परत मागून घेऊन कोरड्या, थंड जागी ठेवाव्यात. पुढच्या पिढीतला एखादा विद्यार्थी त्यांना कोणता प्रश्न विचारील, हे आज आपल्याला ठाऊक नाही.