विश्लेषण : जुन्या लॅपटॉपवर पारदर्शक टर्मिनल हवंय? लिनक्समध्ये कोणतं निवडावं?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित सपोर्ट बंद केला. विंडोज ११ चालवू न शकणाऱ्या लॅपटॉपसाठी लिनक्स हा एक चांगला पर्याय आहे. कर्जत किंवा खोपोलीहून लोकलने कॉलेजला जाणाऱ्या विद्यार्थ्याकडे चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप असेल, तर त्यावर टर्मिनलही हलकंच हवं. मागची खिडकी किंवा वॉलपेपर दिसणारं पारदर्शक टर्मिनल अनेकांना आवडतं. मात्र, या पारदर्शकतेची किंमत किती?

टर्मिनल एम्युलेटर म्हणजे काय?

पूर्वी मोठ्या संगणकाला कीबोर्ड आणि पडदा असलेलं वेगळं यंत्र जोडलेलं असे. १९७८ साली आलेलं व्हीटी१०० हे त्यातलं प्रसिद्ध यंत्र. आजचं टर्मिनल एम्युलेटर त्याच यंत्राची नक्कल एका खिडकीत करतं. कमांड चालवण्याचं काम बॅशसारखा शेल करतो. टर्मिनल फक्त अक्षरं दाखवतं आणि तुम्ही टाइप केलेलं पुढे पोहोचवतं. त्यामुळे टर्मिनल बदललं तरी तुमच्या कमांड बदलत नाहीत.

पारदर्शकता येते कुठून?

ती दोन प्रकारची असते. खोट्या पारदर्शकतेत टर्मिनल वॉलपेपरचाच तुकडा आपल्या पार्श्वभूमीवर रंगवतं. मध्ये ब्राउझर उघडा असला तरी तो दिसत नाही. युआरएक्सव्हीटीसारख्या जुन्या टर्मिनलमध्ये ही सोय आहे.

खऱ्या पारदर्शकतेत मागची खिडकीही दिसते. त्यासाठी सगळ्या खिडक्या एकत्र रंगवणारा कंपोझिटर लागतो. वेलँडमध्ये तो मुळातच असतो. एक्स११वर एक्सएफसीईमध्ये तो सेटिंगमधून चालू करता येतो. आयथ्री किंवा ओपनबॉक्स वापरत असाल, तर पिकॉम वेगळा बसवावा लागतो. म्हणूनच सेटिंग बदलूनही टर्मिनल काळंच राहिलं, तर आधी कंपोझिटर चालू आहे का ते पाहा.

कोणते पर्याय आहेत?

• फूट : फक्त वेलँडवर चालतं. ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरवर अक्षरं रंगवतं. सर्व्हर पद्धतीने चालवलं, तर अनेक खिडक्या एकाच प्रक्रियेत उघडतात आणि मेमरी वाचते. मात्र, ती प्रक्रिया कोसळली तर सगळ्या खिडक्या एकदम जातात.

• युआरएक्सव्हीटी : एक्स११साठी जुना, भरवशाचा पर्याय. यातही सर्व्हर पद्धत आहे. सगळी सेटिंग मजकूर फाईलमध्ये लिहावी लागते.

• एसटी : अगदी छोटं टर्मिनल. पारदर्शकतेसाठी अल्फा नावाचा पॅच लावून प्रोग्राम स्वतः कंपाइल करावा लागतो. शिकायची हौस असेल तरच याच्या वाटेला जावं.

• अलाक्रिटी : ग्राफिक्स कार्डाची मदत घेतं. भराभर येणाऱ्या मजकुराला वेगवान, पण टॅब नाहीत. वेगवान आणि कमी मेमरीचं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लक्षात ठेवावं.

• एक्सएफसीई टर्मिनल : वरच्यांइतकं सडपातळ नाही, पण टॅब आहेत आणि पारदर्शकता पसंतीच्या खिडकीतूनच कमी-जास्त करता येते. नवख्यांसाठी सोपं.

मराठी अक्षरांचं काय?

मराठी वापरणाऱ्याने ही कसोटी आधी लावावी. टर्मिनलचा पडदा चौकटींच्या वहीसारखा असतो : एका चौकटीत एक अक्षर. इंग्रजीला ते चालतं, देवनागरीला नाही. ‘कर्जत’ दिसायला तीन अक्षरी, पण संगणक ते क, र, हलन्त, ज, त अशा पाच खुणांनी साठवतो. रफार ‘ज’च्या डोक्यावर जायला हवा. ‘भिवपुरी’मधली पहिली वेलांटी ‘भ’नंतर साठवली जाते, पण त्याच्या आधी दिसायला हवी. अलाक्रिटीसारखी टर्मिनल खुणा सुट्या सुट्या रंगवत असल्याने जोडणी बिघडते.

उपाय सोपा आहे. कर्जत, भिवपुरी, खालापूर अशा नावांचे तीन फोल्डर करा आणि टर्मिनलमध्ये त्यांची यादी काढा. रफार आणि वेलांटी जागेवर दिसल्या, तर टर्मिनल पास. एमएलटर्म हे टर्मिनल भारतीय लिप्या डोळ्यांसमोर ठेवून बनलेल्या मोजक्यांपैकी एक आहे आणि त्यातही पारदर्शकतेची सोय आहे. फाईलची नावं मराठीत ठेवणाऱ्याने ते नक्की तपासावं.

किती पारदर्शकता ठेवावी?

साधारण ८५ ते ९५ टक्के अपारदर्शकता पुरेशी असते. त्याखाली मागचा मजकूर पुढच्यात मिसळतो आणि लोकलच्या खिडकीतून ऊन आलं की वाचणं अवघड होतं. पारदर्शकता शक्यतो टर्मिनलच्याच सेटिंगमधून द्यावी, कारण ती फक्त पार्श्वभूमीला लागते. पिकॉममधून संपूर्ण खिडकीला दिली, तर अक्षरंही फिकी पडतात.

मग निवड कशी करावी?

आधी सेशन वेलँड आहे की एक्स११ ते पाहा. वेलँड असेल तर फूट, एक्स११ असेल तर युआरएक्सव्हीटी, सेटिंगची कटकट नको असेल तर एक्सएफसीई टर्मिनल आणि मराठी फाईली जास्त असतील तर एमएलटर्म, असा क्रम धरून सुरुवात करता येईल. दोन टर्मिनल बसवून एचटॉपमध्ये त्यांची मेमरी ताडून पाहा. एक्स११वर मशीन अडखळू लागलं, तर कंपोझिटर बंद करून पाहा. पारदर्शकता जाईल, पण काम अडणार नाही.