सनदेचे पैसे



आज देवरीत बसून आपण वकिलीच्या इतिहासाबद्दल बोलणार आहोत. हा विषय निघाला की मोठमोठे खटले आठवतात. आपण जरा दुसऱ्या बाजूनं बघू. ज्यांच्या घरात आधी कोणी वकील नव्हतं, ती मुलं-मुली कोर्टापर्यंत पोचली कशी? कोणाच्या आधारानं?

१९२३ साल घेऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनहून बॅरिस्टर होऊन मुंबईला परतले. पदव्या मोठ्या होत्या. पण हायकोर्टात उभं राहायला सनद लागते, आणि सनदेला पैसे लागतात. ते त्यांच्याजवळ नव्हते. त्यांचे पारशी मित्र नवल भथेना मदतीला आले, तेव्हा ते काम झालं. पुढची अडचण आणखी अवघड होती. त्या काळी मुंबईतल्या मोठ्या दाव्यांत बॅरिस्टरकडे काम यायचं ते सॉलिसिटरमार्फत, म्हणजे बहुतेक ओळखीपाळखीनं. अस्पृश्य मानलेल्या बॅरिस्टरकडे कोण जाणार? म्हणून बाबासाहेबांनी जिल्ह्यांच्या कोर्टांतली कामं घेतली, बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून पुण्यात खटला झाला. त्यात त्यांनी केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांची बाजू मांडली आणि जिंकली. तिथून वकील म्हणून त्यांचं नाव झालं.

स्त्रियांचंही बघा. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा १८९२ मध्ये दिली. पदवी हातात पडली १९२२ मध्ये, तीस वर्षांनी! आणि हिंदुस्थानात स्त्रियांना वकिली करू देणारा कायदा झाला तो १९२३ मध्येच.

आता या दोघांच्या हकिकतीतून काय दिसतं? बुद्धी होती, शिक्षण होतं, तरी वाट अडली. कारण या धंद्यात शिकण्याइतकीच सोबत लागते. सनदेला पैसे देणारा मित्र, हाताखाली घेणारा वरिष्ठ, पहिलं काम पाठवणारा कोणी. पिढीजात वकिलाच्या मुलाला हे घरातच मिळतं. बाकीच्यांना ते उभं करावं लागतं. बाबासाहेबांनी ते ओळखलं. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून तिथं सकाळचे वर्ग भरायचे. १९५६ मध्ये त्याच सोसायटीचं कायद्याचं कॉलेज मुंबईत निघालं.

आपल्या भागाशी त्यांचा संबंध आहेच. १९५४ मध्ये ते भंडाऱ्याहून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. गोंदिया जिल्हा वेगळा झाला १९९९ मध्ये. तेव्हा देवरी भंडारा जिल्ह्यातच होती. योगायोग असा की त्याच १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात टेक्ससचा एक खटला गाजला. हर्नांडेझ नावाच्या शेतमजुराचा. मूळ मेक्सिकन वंशाचे वकील गस गार्सिया आणि कार्लोस कडेना यांनी दाखवून दिलं, की त्या काउंटीत पंचवीस वर्षांत ज्युरीवर आपल्या समाजाचा एकही माणूस बसलेला नाही. न्यायालयानं ते मान्य केलं. हा प्रश्न मांडायला त्याच समाजातून वकील तयार झालेले होते, हे लक्षात घ्या.

देवरीला याचा अर्थ काय? हा आदिवासी विकास प्रकल्पाचा तालुका. इथं घरात गोंडी बोलतात, हलबी बोलतात, छत्तीसगढीही कानावर पडते. कोर्टातले कागद मात्र मराठी नाही तर इंग्रजी. वनहक्क कायदा २००६ चा. दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे जातो. पुरावा जोडताना एक कागद राहिला की जमीन अडकते. अशा वेळी आजीची भाषा समजणारा वकील असणं म्हणजे काय, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

काही गोष्टी हळूहळू बदलल्या आहेत. २०१० मध्ये प्राध्यापक शमनाद बशीर यांनी ‘आयडिया’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात कायद्याचे विद्यार्थीच गरीब घरच्या मुलांकडून प्रवेश परीक्षेची तयारी करून घेतात. आणि ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की सनदेच्या नोंदणीला कायद्यात ठरलेल्या फीपेक्षा जास्त पैसे घेता येणार नाहीत. ती फी सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये. त्याआधी ओडिशात हीच नोंदणी चाळीस हजारांच्या वर गेली होती. भथेनांनी जी गरज भागवली, ती सुटायला शंभर वर्षं लागली.

पण फी कमी झाली म्हणून काम मिळत नाही. नागपूर इथून सव्वाशे किलोमीटरहून लांब. तिथं खोलीचं भाडं, पुस्तकं, आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं जवळजवळ बिनपगारी. बरेच जण तिथंच सोडून देतात. म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की या तालुक्यातून जे वकील झाले त्यांनी मागून येणाऱ्याला आपली पुस्तकं द्यावीत, हाताखाली घ्यावं आणि महिन्याला काही रक्कम हातावर ठेवावी. आज सभागृहात कायद्याचं शिक्षण घेणारी जी मुलं-मुली बसली आहेत, त्यांनी जाण्याआधी एकमेकांचे फोन नंबर तेवढे घ्या.