पल्लांगुळी आणि निन्टेंडो वी

कुंभकोणमच्या मराठी घरांना शेजारची तमिळ पल्लांगुळी अनोळखी नाही. पाटीवर 14 खळगे, हातात मूठभर चिंचोके. आजीही खेळते, नातही. हौशी माणसानं व्हिडिओ गेमचा कन्सोल घेताना हेच बघावं: घरातलं कोण कोण खेळेल?

नोव्हेंबर 2006 मध्ये अमेरिकेत दोन कन्सोल आले. सोनीचा प्लेस्टेशन 3 ताकदीचा, पण किमान 499 डॉलरचा. निन्टेंडोचा वी सुमारे 250 डॉलरचा, चित्रात मागे. मात्र त्याचा रिमोट रॅकेटसारखा फिरवला की पडद्यावर टेनिस सुरू! बटणं पाठ करायला नकोत. वी 10 कोटींवर खपला. प्लेस्टेशन 3 मागेच राहिला.

2012 चा वी यू मात्र दीड कोटीही खपला नाही. हा नवा कन्सोल की जुन्याला जोड, हेच नावावरून अनेकांना उमगेना.