मिर्झा, सानिया

मिर्झा, सानिया : (१५ नोव्हेंबर १९८६– ). भारतीय टेनिसपटू. महिला दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत अग्रस्थान मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. जन्म मुंबईत, बालपण व जडणघडण हैदराबादेत. वडील इम्रान मिर्झा यांनीच त्यांना प्रशिक्षण दिले. आईचे नाव नसीमा. वयाच्या सहाव्या वर्षी त्या टेनिस खेळू लागल्या. २००३ मध्ये आलिसा क्लेबानोवा हिच्या साथीने त्यांनी विंबल्डनमधील मुलींच्या दुहेरीचे विजेतेपद मिळवले आणि त्याच वर्षी व्यावसायिक टेनिसमध्ये पदार्पण केले.

एकेरी : २००५ मध्ये हैदराबाद येथील स्पर्धा जिंकून डब्ल्यूटीए (महिला टेनिस संघटना) एकेरीचे विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्याच वर्षी अमेरिकन खुल्या स्पर्धेत त्यांनी चौथी फेरी गाठली. ऑगस्ट २००७ मध्ये त्या एकेरीत २७ व्या क्रमांकावर होत्या. जोरकस फोरहँड हे त्यांचे मुख्य अस्त्र होते. पुढे मनगटाची दुखापत बळावली, २००८ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली, आणि कालांतराने त्यांनी एकेरी सोडून सारे लक्ष दुहेरीवर केंद्रित केले.

दुहेरी : व्यावसायिक दुहेरीत जोडी कायमची नसते, क्रमवारीतील गुण मात्र प्रत्येक खेळाडूच्या नावावर स्वतंत्रपणे जमा होतात. त्यामुळे अग्रस्थानी पोहोचायचे तर निरनिराळ्या जोडीदारांशी जुळवून घेत वर्षभर जिंकत राहावे लागते. सानियांचे पहिले डब्ल्यूटीए विजेतेपद दुहेरीतलेच. ते त्यांनी २००४ मध्ये हैदराबादलाच लीझेल ह्यूबर हिच्यासह मिळवले. २०११ मध्ये एलेना व्हेस्निना हिच्यासह त्यांनी फ्रेंच खुल्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. तेथे आंद्रेआ ह्लावाच्कोव्हा व लुसी ह्रादेत्स्का या जोडीने त्यांना हरवले. २०१४ मध्ये कारा ब्लॅक हिच्या साथीने सिंगापूर येथील वर्षअखेरची डब्ल्यूटीए स्पर्धा त्यांनी जिंकली.

मार्च २०१५ मध्ये त्यांची स्वित्झर्लंडच्या मार्टिना हिंगिस हिच्याशी जोडी जमली. सानियांचा फोरहँड समोरच्या जोडीला मागे रेटत असे आणि जाळ्याजवळ उभी असलेली हिंगिस परतलेला चेंडू व्हॉलीने संपवत असे. इंडियन वेल्स, मायामी व चार्ल्सटन या पहिल्या तिन्ही स्पर्धा या जोडीने जिंकल्या आणि १३ एप्रिल २०१५ रोजी सानिया अग्रस्थानी पोहोचल्या. त्या वर्षीच्या विंबल्डन अंतिम सामन्यात समोर एकातेरिना माकारोव्हा आणि सानियांची जुनी जोडीदार व्हेस्निना होत्या. निर्णायक सेटमध्ये २–५ असे पिछाडीवर असताना सानिया–हिंगिस यांनी सलग पाच गेम घेतले आणि सामना ५–७, ७–६, ७–५ असा जिंकला. त्यानंतर अमेरिकन खुली स्पर्धा, वर्षअखेरची स्पर्धा आणि २०१६ ची ऑस्ट्रेलियन खुली स्पर्धाही त्यांनी जिंकली. मेलबर्नच्या त्या अंतिम सामन्यात त्यांनी हरवले ते ह्लावाच्कोव्हा–ह्रादेत्स्का यांनाच. सलग ४१ सामने जिंकल्यावर फेब्रुवारी २०१६ मध्ये दोहा येथे हा विजयक्रम थांबला. ऑगस्टमध्ये जोडी फुटली. लगेचच सिनसिनाटीच्या अंतिम सामन्यात बार्बोरा स्ट्रायकोव्हा हिच्यासह खेळणाऱ्या सानियांनी हिंगिसच्या नव्या जोडीला नमवले. महिला दुहेरीत त्यांनी एकूण ४३ विजेतेपदे मिळवली आणि त्या ९१ आठवडे अग्रस्थानी राहिल्या. एकेरीत मागे पडलेल्यांचा आसरा म्हणून दुहेरीकडे पाहणे किती चुकीचे आहे, हे या कारकिर्दीने भारतीय क्रीडारसिकांना पटवून दिले.

मिश्र दुहेरीत महेश भूपती याच्यासह ऑस्ट्रेलियन (२००९) व फ्रेंच (२०१२) आणि ब्रुनो सोआरेस याच्यासह अमेरिकन (२०१४) खुली स्पर्धा त्यांनी जिंकली. आशियाई क्रीडास्पर्धांत मिश्र दुहेरीची दोन सुवर्णपदके (२००६, २०१४) त्यांच्या नावावर आहेत. रिओ ऑलिंपिकमध्ये (२०१६) रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीत त्या चौथ्या आल्या.

पुनरागमन व निवृत्ती : २०१८ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्यानंतर जानेवारी २०२० मध्ये नादिया किचेनोक हिच्यासह होबार्ट येथील स्पर्धा जिंकून त्यांनी दिमाखात पुनरागमन केले. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत बोपण्णासह मिश्र दुहेरीचे उपविजेतेपद त्यांनी मिळवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबई येथे मॅडिसन कीज हिच्यासह त्या शेवटची व्यावसायिक स्पर्धा खेळल्या. अर्जुन पुरस्कार (२००४), पद्मश्री (२००६), राजीव गांधी खेलरत्न (२०१५) व पद्मभूषण (२०१६) हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान.

महाराष्ट्र : सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या प्रार्थना ठोंबरे यांनी हैदराबादेतील सानियांच्या अकादमीत सराव केला. इंचॉन येथील आशियाई स्पर्धेत (२०१४) सानिया–प्रार्थना जोडीने महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळवले. रिओत हीच जोडी भारतातर्फे उतरली, परंतु पहिल्या फेरीतील तीन सेटच्या झुंजीत चीनच्या जोडीकडून पराभूत झाली. हांगझोउ आशियाई स्पर्धेत (२०२३) ऋतुजा भोसले या महाराष्ट्राच्या खेळाडूने बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक पटकावले. सानियांच्या निवृत्तीनंतरची ही पहिलीच आशियाई क्रीडास्पर्धा होती.